टाकाऊ घ्या, टाकाऊ!

शाळांच्या प्रदर्शनांचा मोसम जवळ आला की स्टेशनरीच्या दुकानात टाकाऊ वस्तूंचा नवा माल येतो. दारातच आइस्क्रीमच्या काड्यांची पाकिटं लटकतात. या काड्यांनी जन्मात आइस्क्रीम पाहिलेलं नसतं. त्या थेट कारखान्यातून लाल-हिरव्या रंगात न्हाऊन, टाकाऊ म्हणूनच अवतरलेल्या असतात. शेजारी गोणपाट मीटरवर मिळतं. ज्यात कधी गहू भरला गेला नाही असं, स्वच्छ आणि बिनवासाचं. जुन्या वर्तमानपत्रासारखा दिसणारा कोरा करकरीत कागदही मिळतो. घरात रद्दीची चळत खिडकीला टेकलेली असली तरी तोच घ्यावा लागतो, कारण घरच्या रद्दीवरच्या बातम्या मराठीत असतात आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असते.

हे सगळं रात्री साडेनऊनंतर विकत घ्यायचं असतं. जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, की चिरंजीव जाहीर करतात, "आई, उद्या टाकाऊपासून टिकाऊ आहे." मग बाबा अर्ध्या उतरलेल्या शटरखालून वाकून दुकानात शिरतात, आई फेविकॉलची बाटली पालथी घालून ठेवते, आणि मध्यरात्रीपर्यंत एक पेनस्टँड उभं राहतं. घरात पेनं उरलेली नाहीत ही गोष्ट वेगळी. ज्या घरात पोरं शाळेत जातात, त्या घरात पेनांपेक्षा पेनस्टँडं जास्त असतात. प्रदर्शन संपलं की ते पेनस्टँड सुक्या कचऱ्याच्या डब्यात जातं. टाकाऊपासून टिकाऊ आणि टिकाऊपासून पुन्हा टाकाऊ; पाठ्यपुस्तकातलं जलचक्रसुद्धा इतक्या वेगाने फिरत नाही.

यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. आमचं तसं नाही. आमचा राग आहे तो आधीच्या पिढीवर. त्या पिढीने घराघरांत बेसुमार पुनर्वापर केला आणि त्यासाठी एक छदामही खर्च केला नाही. असल्या पुनर्वापराने देश कसा पुढे जाणार?

दात घासायच्या ब्रशचंच घ्या. दातांच्या नोकरीतून निवृत्त झालेला ब्रश आधी कंगवे साफ करायला लागायचा. तिथून बढती मिळून कुकरच्या शिट्टीवर, मग केसांच्या कलपावर, मग देवांच्या पितळी मूर्ती उजळायला. केस पार झडले की त्याच्या दांड्याचा नंबर. दांड्याच्या टोकाला एक भोक असायचं. त्यात नाडी ओवली की ती परकराच्या नेफ्यातून झर्रकन पलीकडे निघायची. एका ब्रशवर कुटुंबातल्या तीन पिढ्यांचे दात, देव आणि नाड्या निभावल्या. कंपन्यांनी अखेर शहाणपण केलं. हल्लीच्या बहुतेक ब्रशांना बोटांची पकड आहे, जिभेसाठी खरखरीत पाठ आहे, पण भोक नाही. काटकसरीची ती गळती बुजवण्यात आली.

लुगड्याची कथा याहून भयंकर. नऊवारी लुगडं आधी सणावाराला, मग रोजच्याला. विरलं की त्याचे थर रचायचे आणि धावदोऱ्याने गोधडी शिवायची. उरलेल्या तुकड्यांतून बाळाची दुपटी आणि लंगोट निघायचे. लंगोट झिजला की फडकं, फडकं काळं पडलं की पोतेरं, आणि पोतेऱ्याचा अखेरचा टाका उसवला की चुलीत. एवढ्या प्रवासात एकदाही पावती फाटली नाही. जे उरलंसुरलं ते बोहारीण न्यायची, आणि तिच्यापुढे तर भल्या भल्या वकिलांनी हात टेकावेत. "ताई, या चार साड्यांवर पातेलं नाही बसत, एक चेनवाली पॅन्ट टाका की," असं म्हणत ती तासभर उंबऱ्यावर बसायची. पैशांचा व्यवहार शून्य, म्हणजे करही शून्य.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा निव्वळ घातपात होता. देशाच्या सकल उत्पन्नात घरच्या बाईने घरासाठी बिनपगारी केलेलं काम धरलं जात नाही. त्यामुळे आजीने दोन महिने दुपारची झोप मोडून शिवलेल्या गोधडीने राष्ट्रीय उत्पन्नात एका दमडीची भर घातली नाही. तीच गोधडी आज शहरातल्या प्रदर्शनात तागाच्या दोरीने बांधून, पुठ्ठ्याची चिठ्ठी लावून ठेवली की तिच्यात अर्थ येतो. चिठ्ठीवर 'हस्तनिर्मित', 'शाश्वत', 'मायेची ऊब' असे शब्द असतात आणि खाली किंमत असते. मागे शिवणाऱ्या बाईचा हसरा फोटोही असतो. तिची मजुरी तेवढी छापलेली नसते. मायेच्या उबेत हिशेब कुठे काढायचा?

सुदैवाने आता सुशिक्षित वर्गाने पुनर्वापराची सूत्रं हाती घेतली आहेत. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ येतो: 'रिकाम्या बाटलीपासून सुंदर दिवा, तोही फुकटात!' या फुकटाचा हिशेब एकदा मांडून बघावा. बाटली: फुकट. तिच्यावरचं लेबल काढायला उकळतं पाणी: गॅस. लेबलाचा चिकटा निघत नाही म्हणून आणलेला द्राव: विकत. रंग: विकत. रंग पहिल्या हातात बसत नाही म्हणून आधी द्यायचा पांढरा लेप: विकत. तागाची दोरी, चिकटवायची बंदूक, बंदुकीच्या कांड्या, दिव्यांची माळ आणि माळेचे सेल: सगळं विकत. बंदूक एका बाटलीसाठी घेतली तर महागात पडते, म्हणून तिचे पैसे वसूल करायला आणखी बाटल्या हव्यात. घरातल्या बाटल्या संपतात. मग टोमॅटो सॉस जरा सढळ हाताने वाढला जातो. पोह्यांवर सॉस पडू लागला की समजावं, या घरात बचत सुरू झाली आहे.

फरशी पुसण्याच्या द्रावाचंही तसंच. लिंबू-संत्र्यांच्या साली आंबवून 'बायोएन्झाइम' करायचं शास्त्र सध्या जोरात आहे. प्रमाण सोपं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने धीर. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून आतला वायू सोडावा लागतो, नाहीतर बाटली फुटते आणि जी फरशी पुसायची तीच चिकट होते. आंबवण्याला साधा गूळ चालतो, पण वहिनी म्हणतात, "रसायनं टाळायची म्हणून तर एवढा खटाटोप, मग गूळ सेंद्रियच हवा ना?" साली कमी पडल्या म्हणून दोन किलो संत्री येतात, ती खाऊन पोरांना सर्दी होते, डॉक्टरांची फी मात्र बायोएन्झाइमच्या खर्चात धरायची नसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंब गावाला जाऊ शकत नाही, कारण बाटलीचं झाकण कोण उघडणार? म्हातारी माणसं एकटी राहू शकतात, एन्झाइम राहू शकत नाही.

कापडी पिशवीवर तर आपल्या राज्याची श्रद्धाच आहे. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला. लोकांनी ताबडतोब कापडी पिशव्या घेतल्या. घेतल्या, वाटल्या, परत मिळवल्या. संक्रांतीच्या वाणात एकेकाळी प्लॅस्टिकच्या वाट्या येत, आता पर्यावरणपूरक म्हणून पिशव्या येतात. रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकवं उरकली की प्रत्येक घरात पिशव्यांनी भरलेली एक पिशवी दाराच्या मागे लटकते. तिचं काम दाराच्या मागे लटकणं हेच. मंडईत पोचल्यावर ती आठवते, आणि मग दहा रुपयांना आणखी एक कापडी पिशवी घ्यावी लागते.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ सालीच एक हिशेब मांडला. सगळे पर्यावरणीय परिणाम धरले तर साध्या सुती पिशवीला दुकानातल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला ७,१०० वेळा वापरावं लागतं, आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीला २०,००० वेळा. म्हणजे रोज न चुकता भाजीला गेलं तर साधी पिशवी साडेएकोणीस वर्षांत फिटते. सेंद्रिय पिशवीला जवळपास पंचावन्न वर्षं लागतात. ती सासूने सुनेला पाटल्यांबरोबर द्यावी, एवढाच मार्ग उरतो. हे आकडे पाश्चात्त्य असल्याने आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर कुणी टाकत नाही. तिथे आजही 'पिशव्यांचं मोफत वाटप, जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहावे' असाच निरोप असतो.

सरकारने प्लॅस्टिकबंदीच्या त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीचाही विचार केला होता. पिशवीवर किमान ५० पैसे परताव्याची किंमत छापायची, रिकामी पिशवी परत केली की पैसे हातात. वास्तविक आमच्या आयाबाया हे काम सरकारच्या आधीपासून करत होत्या. पिशवी धुवायची, ओट्यामागच्या टाइलला ओलीच चिकटवायची, वाळली की आपोआप गळून पडायची, आणि महिन्याचा गठ्ठा रद्दीवाल्याला. त्या टाइलवर कायम दोन पिशव्या उपड्या लागलेल्या असत. पाहुण्यांना त्या दिसू नयेत म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटलं जाई. आता परतावा मागायला दुकानात जाऊन पाहा. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने आजही चालतं, पण ते गल्ल्यात ठेवणारा दुकानदार शोधून दाखवावा. चार पिशव्या परत केल्या तर फार तर दोन चॉकलेटं मिळतील. त्यांची चांदी कुठे टाकायची, याबद्दल अधिसूचनेत काही सापडत नाही.

पुरुषवर्ग यात मागे आहे असं समजू नये. त्यांची शाखा निराळी: ते पुनर्वापर करत नाहीत, पुनर्वापराची तयारी करतात. मोबाइलचं रिकामं खोकं, बंद पडलेल्या मिक्सरची वायर, कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर, बोल्ट हरवलेला एक नट, हे सगळं 'लागेल कधीतरी' या मंत्राने माळ्यावर जातं. मुंबईत चौरस फुटाला वीस हजार रुपये धरले आणि या संग्रहाने आठ चौरस फूट अडवले असं मानलं, तर एक लाख साठ हजारांच्या जागेत भंगारवाला पाहून हसेल असा माल सुखाने नांदत असतो. काकांना हे सांगून पाहिलं, तर ते म्हणतात, "अरे, आज बाजारात ही वायर घ्यायला गेलास तर किती पडेल माहितीये?" माहीत नाही, कारण ती वायर आजवर कुणालाच घ्यावी लागलेली नाही.

सामूहिक पातळीवर तर बचतीला थेट सरकारी आशीर्वाद आहे. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवणं यांतलं एक काही केलं तर मिळकतकरात ५ टक्के सूट मिळते, दोन केली तर १० टक्के. त्यामुळे कित्येक सोसायट्यांच्या मागच्या अंगणात एक सिमेंटचा चौकोन आहे. त्यावर 'गांडूळखत प्रकल्प' अशी पाटी आहे आणि वर सेक्रेटरींची जुनी सायकल आहे. गांडूळ म्हणाल तर ते कागदोपत्री अत्यंत निरोगी असून दर वर्षी मार्चच्या सुमारास वळवळतात. टाकाऊपासून पाच टक्के काढणं हा या विद्येचा परमोच्च बिंदू मानायला हरकत नाही. त्यात कचऱ्याचीसुद्धा गरज पडत नाही.

आता एक किरकोळ विषय राहिला. आपण ज्याला छंद म्हणतो, ते काम रोज सकाळी साडेसातला बेल वाजवून काही बाया करतात. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली; पुढे २००८ मध्ये तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली. या बाया आपला डबा उघड्या हाताने चाचपतात, काच वेगळी, पुठ्ठा वेगळा, दुधाची पिशवी वेगळी करतात आणि विकतात. आपल्या चमकीच्या पेनस्टँडच्या काड्या फेविकॉलमुळे सुटत नाहीत आणि रंगवलेली बाटली भंगारात कुणी घेत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळलेलं नसतं. म्हणजे आपण टिकाऊ केलेलं तेवढंच त्यांच्या दृष्टीने टाकाऊ.

या मावश्यांना घरटी महिन्याकाठी द्यायच्या पैशांचा विषय सोसायटीच्या सभेत निघाला की चर्चेला धार येते. एक सभासद म्हणतात, "आपण कर भरतो ना, मग हे वेगळे कशाला?" दुसरे म्हणतात, "कचरा विकून त्यांना मिळतातच की पैसे." तिसऱ्या वहिनी नुकत्याच प्रदर्शनातून जुन्या साड्यांचं पायपुसणं घेऊन आलेल्या असतात आणि त्याची किंमत कुणीतरी विचारावी म्हणून वाट पाहत असतात. शेवटी ठराव होतो: मावशींना वाढ पुढच्या वर्षी पाहू, तूर्तास त्यांचा सत्कार करावा. शाल, श्रीफळ आणि एक कापडी पिशवी. पिशवी नवीन घ्यायची गरज नाही, प्रत्येकाच्या दारामागे आहेच.