आजचे टोमॅटो, कालची पट्टी

पुण्याच्या मार्केट यार्डात अण्णांचा गाळा आहे. अडतीचा धंदा, टोमॅटो, फ्लॉवर, मिरची. त्यांचा जुना सर्व्हर पोटमाळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी राहायचा. दर दसऱ्याला त्याला हार पडायचा. सीडीच्या खाचेवर हळदकुंकवाचा थर इतका चढला होता की सीडी आत जायची बंद झाली होती. काम एकच, शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढणं : इतके क्रेट, अमुक भाव, वजा हमाली, वजा तोलाई, वजा गाडीभाडं, बाकी देणं. ऐन हंगामात एका पहाटे तो बसला आणि दिवाणजींनी दीडशे पट्ट्या हाताने लिहिल्या. दुपारी अण्णा मला म्हणाले, "इंजिनिअर, असं काहीतरी करा, की पुन्हा बंद पडता कामा नये."

माझ्यासारख्याला असं मोघम काही सांगू नये. पंक्चर काढायला दिलेल्या सायकलीला इंजिन बसवून आणणाऱ्यांतला मी. नवा कॉम्प्युटर घेऊन भागलं असतं. मी कुबरनेटिस लावलं.

हा शब्द ग्रीक आहे. अर्थ, जहाजाचं सुकाणू धरणारा. २०१४ साली गूगलने हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. उच्चाराचा त्रास नको म्हणून आमच्यातले लोक इंग्रजी स्पेलिंगचं पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवून मधल्या आठ अक्षरांच्या जागी '८' लिहितात. आपला प्रोग्रॅम डब्यात भरायचा. त्या डब्याला कंटेनर म्हणतात. डबा ज्या खोलीत नांदतो तो पॉड. भाड्याने घेतलेल्या मशिनींच्या टोळक्यावर, म्हणजे क्लस्टरवर, कुठला पॉड कुठे बसवायचा ते सुकाणूवाला ठरवतो.

हे दिवाणजींना समजावणं भाग होतं. चाळीस वर्षं त्याच गादीवर बसलेला माणूस.

"दिवाणजी, गाडी आली की तुम्ही मुकादमाला काय सांगता?"

"दोन माणसं लाव."

"कोण दोन?"

"ते तो बघतो."

"आणि एक बसला तर?"

"दुसरा लावतो. दोन म्हणजे दोन."

"झालं! हेच कुबरनेटिस."

दिवाणजींनी चष्मा कपाळावर घेतला. "पण आमचा मुकादम बसलेल्याला आधी विचारतो, का रे बसलास?"

मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

या मुकादमाला हुकूम द्यायचे ते यॅमल नावाच्या फायलीत. तिथे बराचसा अर्थ ओळीच्या आधी सोडलेल्या कोऱ्या जागेत असतो. टॅब चालत नाही, स्पेसच मोजून द्याव्या लागतात. शाळेत वहीला समास सोडला नाही म्हणून मी जेवढ्या छड्या चुकवल्या होत्या, त्या सगळ्या यॅमलने व्याजासह वसूल केल्या. पहिली संध्याकाळ एका स्पेसमध्ये गेली. मेमरीची मर्यादा सांगणारी ओळ एक घर डावीकडे सरकली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पॉड उठला आणि पडला. दहा सेकंदांनी मुकादमाने त्याला पुन्हा उठवलं, पुन्हा पडला. मग वीस सेकंद, चाळीस, ऐंशी, असा दम खात तो पाच मिनिटांच्या अंतरापर्यंत गेला; पण उठवायचं काही सोडेना. का रे बसलास, हे मात्र एकदाही विचारलं नाही. ते मला विचारावं लागलं. डेटाबेसचा पासवर्ड गुंडाळून ठेवताना त्याच्या शेवटी माझ्याच हातून एक एंटर गुंडाळला गेला होता. दिसत नव्हता, पण पासवर्डात धरला जात होता.

अखेर गाडी रुळावर आली. दोन पॉड, दर दहा सेकंदांनी मुकादमाची हाक, "ठीक ना?", आणि पॉडचं उत्तर, "ठीक." माझ्या पडद्यावर सगळं हिरवंगार. अण्णांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्नरकडचे एक काका गाळ्यावर पट्टी नाचवत होते. "काल दुपारी हे टोमॅटो झाडाला होते. तुम्ही काल विकलेत म्हणता, ते कुणी, वाऱ्याने? का कालचा भाव लावलाय?"

पट्टीवर खरंच आदल्या दिवसाची तारीख. मला फोन आला, मी नऊला पोचलो, पट्टी काढून बघितली. तारीख बरोबर. "तुमच्याकडून काहीतरी दाबलं गेलं असेल," असं मी दिवाणजींना मोठ्या समजूतदारपणे म्हणालो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी पोचलो की दुखणं पसार. डॉक्टर दिसताच ताप उतरावा तसं. हिरवे दिवे हिरवेच.

चौथ्या दिवशी दिवाणजी म्हणाले, "नऊला काय येता? बाजार पहाटे चारला असतो."

चारला गेलो. क्रेटची रास, पिवळे बल्ब, हमालांच्या "हो हो, बाजूला" या आरोळ्या. प्रिंटरमधून निघालेली प्रत्येक पट्टी कालची. दिवाणजी माझ्याकडे न बघता पेनने तारीख खोडून आजची घालत होते; तीन दिवस ते हेच करत होते. पाच एकोणतीसला निघालेली पट्टीसुद्धा कालचीच. पाच तीसला निघालेली, आजची.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डब्यातलं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. इथे पहाटेचे चार, तेव्हा डब्यात आदल्या रात्रीचे साडेदहा. दिवसा धंदा करणाऱ्याला हे जन्मात कळलं नसतं. हेच एक एप्रिलला झालं असतं तर अण्णांचे टोमॅटो गेल्या आर्थिक वर्षात विकले गेले असते. औषध एका ओळीचं : वेळेचा पट्टा, आशिया/कोलकाता. स्पेस मोजून लिहिली.

अण्णांनी मागितलं होतं ते त्यांना मिळालंच होतं. काही बंद पडलं नव्हतं. जुना सर्व्हर चुकायच्या आधी आडवा तरी व्हायचा. हा चुकत होता तो उभ्याने, न थांबता, दर दहा सेकंदांनी "ठीक" म्हणत. मुकादमाने विचारलं ते जिवंत आहेस का, एवढंच. आज तारीख काय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

दसऱ्याला हार कोणाला घालायचा हा प्रश्न उभा राहिला. मी पॉडची नावं छापून दिली. मागे जोडलेली अक्षरं कुबरनेटिस आपल्या मनाने उचलतं, पण त्यात स्वर घेत नाही. चुकून वाईट शब्द होऊ नये म्हणून. दिवाणजी म्हणाले, "आमच्या हमालांना ऐका म्हणावं. स्वराविना काही अडत नाही." कागदाला हळदकुंकू लावलं. त्याच रात्री मी नवी आवृत्ती चढवली आणि दोन्ही नावं बदलली. कागद अजून भिंतीला आहे.

मुकादमावर दिवाणजींचा पुरता भरवसा बसलेला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला पहाटे चारला माझा फोन वाजतो.

"इंजिनिअर, आज तारीख काय?"

"एक."

"ठीक," म्हणतात आणि ठेवतात.

मी लगेच उचलतो. तीनदा हाक मारून उत्तर आलं नाही तर तो काढून दुसरा लावायचा, हे मीच त्यांना शिकवलंय.