पालघरचे शून्य

प्रोग्रामच्या आज्ञा वाचून त्या तिथल्या तिथे पार पाडणाऱ्या व्यवस्थेस इंटरप्रिटर म्हणतात. आणि एखादे मूल्य संख्या आहे की मजकूर, हे कोणी न सांगता त्याच्या रूपावरून किंवा वापरावरून ताडणे म्हणजे प्रकार-अनुमान. या अनुमानाची एक गणिती बैठक रॉजर हिंडली यांनी १९६९ साली मांडली, आणि त्याच वर्षी बोईसरजवळच्या तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. केंद्राला निदान कुंपण होते, अनुमानाला मात्र पुढे बराच काळ मोकळे रान मिळाले.

पालघर आणि बोईसरचा एसटीडी कोड ०२५२५ आहे. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या, सैल रिवाजात तो अवतरणचिन्हांविना लिहिल्यास इंटरप्रिटर आरंभीचे शून्य पाहून ही अष्टमान, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पटीत स्थाने चढणारी संख्या असल्याचे गृहीत धरतो आणि दोन वेळा पाचशेबारा, पाच वेळा चौसष्ट, दोन वेळा आठ व वर पाच अशी चोख बेरीज करून पालघरला १३६५ बहाल करतो. गणितात खोट नाही, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल. शेजारच्या डहाणूचा कोड ०२५२८; अष्टमानात ८ हा अंकच नसल्याने तोच इंटरप्रिटर आपला हट्ट निमूट सोडून २५२८ असे दशमान उत्तर देतो. पायथन २ ही भाषा डहाणूपाशी सरळ अडून बसत असे, आणि त्यातल्या त्यात तेच सभ्यपणाचे म्हणायचे.

मजकुराची संख्या करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या 'पार्सइंट' या फंक्शनाची कथा याहून सुरस आहे, कारण अष्टमान की दशमान हा निवाडा १९९९ च्या मानकाने ब्राउझर घडवणाऱ्यांच्या मर्जीवर सोडला होता. परिणामी एकच प्रोग्राम एका ब्राउझरात पालघर २५२५ सांगे, तर दुसऱ्यात १३६५, आणि हा दुसरा डहाणूचा ८ गाळून १७० वर समाधान मानी. पायथन ३ ने २००८ मध्ये असे आरंभीचे शून्य निषिद्ध ठरवले, तर जावास्क्रिप्टच्या २००९ च्या मानकाने 'पार्सइंट'ला दशमानाची सक्ती केली.

तरीही २५२५ मधून शून्य गेले ते गेलेच. कारण कोड अंकांनी लिहिला जात असला तरी ती संख्या नव्हे, आणि पालघर व डहाणूच्या कोडांची बेरीज करून कोणत्याही तिसऱ्या गावी फोन लागत नाही. तेव्हा बोईसरच्या कारखान्यांत पुरवठादारांच्या याद्या स्प्रेडशीटमध्ये भरणाऱ्यांनी फोनचा रकाना आकडे टाकण्यापूर्वीच 'टेक्स्ट' करून घ्यावा.