उर्फ

स्वतःच्या नावाचं डोमेन घेतल्यापासून माझी चाल बदलली आहे, असं घरात बोललं जातं. बदलणारच. उद्या अभ्यासक मला शोधत येतील, त्यांना धड पत्ता नको? आडनावाला 'डॉट इन' लागलं की माणूस संस्था होतो.

मांडामांड भाचीने केली आणि नोंदींचं पान दाखवलं. डावीकडे तीन डब्ल्यू लावलेलं माझं नाव, मधे 'सीनेम', आणि उजवीकडे भाड्याच्या सर्व्हरचं आकड्या-अक्षरांचं लांबलचक शेपूट.

"मामा, डावीकडचं ते टोपणनाव. खरं नाव उजवीकडचं."

म्हणजे एवढं लिहून मी उर्फ, आणि कुठल्याशा वातानुकूलित खोलीतलं यंत्र मूळपुरुष!

तिने समजावलं. ब्राउझरला हवा असतो आयपी पत्ता. तो शोधणारा रिझॉल्व्हर माझ्या नावापाशी येतो. तिथे पत्ता नसतोच. 'हे उर्फ, मूळ नाव अमुक' एवढंच उत्तर मिळतं. मग तो मूळ नावाने पुन्हा पहिल्यापासून विचारतो. कंपनीने उद्या यंत्र हलवलं, पत्ता बदलला, तरी आपल्याला बोटही हलवावं लागत नाही. सोय चोख आहे. अपमानही चोख आहे.

खरं तर टोपणनावांच्या बाबतीत मराठी माणसाला कुणी शिकवू नये. पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधायची ही व्यवस्था, म्हणजे डीएनएस, मांडली १९८३ साली. त्याच्या कितीतरी आधी राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावावर, कविता गोविंदाग्रजांच्या आणि विनोद बाळकरामांच्या नावावर चालवत होते. तिन्ही नावांचा पत्ता एकच. दामले केशवसुत झाले, ठोंबरे बालकवी, अत्रे कवितेपुरते केशवकुमार. डोमेनमधल्या दोन टिंबांमधल्या तुकड्याला ६३ अक्षरांची मुभा असते. नारायण मुरलीधर गुप्ते यांनी एकातच भागवलं, 'बी'. सीनेममध्ये 'अ म्हणजे ब' आणि 'ब म्हणजे अ' असं वर्तुळ झालं तर ती चूक धरावी, असं डीएनएसचा नियम-दस्तऐवज आरएफसी १०३४ सांगतो. आमच्या साहित्य मंडळात त्याला एकमेकांच्या प्रस्तावना म्हणतात. हा आरएफसी निघाला नोव्हेंबर १९८७ मध्ये, आणि त्याच सालचं ज्ञानपीठ वि. वा. शिरवाडकरांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं. कुसुम ही त्यांची बहीण. बहिणीचं नाव भावाने लावलं आणि ते घरोघर गेलं.

"त्याच नावावर माझी मेलही येऊ दे," मी फर्मावलं. "आणि पुढचे ते तीन डब्ल्यू काढ. मूळ डोमेनलाच लाव तुझं सीनेम."

"दोन्ही नाही होणार. ज्या नावाला सीनेम असतं, त्याच्याकडे दुसरी कुठलीच नोंद ठेवता येत नाही. मेलची एमएक्स नोंदसुद्धा नाही. आणि मूळ डोमेनला एसओए, एनएस या नोंदी लागतातच, म्हणून तिथे सीनेम बसत नाही."

उर्फाचं स्वतःचं काही असायचं नाही. यावर माझ्याकडे एक बोचरा शेरा तयार होता, पण मला आई आठवली. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहिलं आणि इंदूची सुलभा झाली. पुढे कुणी माहेरचं माणूस "इंदू" म्हणालं की सुलभा वळून बघायची. पण इंदूच्या नावावर काही राहिलं नाही. रेशनकार्ड सुलभाचं, पासबुक सुलभाचं, आलेलं पत्र सुलभाला. गोविंदाग्रजांना निदान कविता होत्या. इंदूला नुसतं पुढे पाठवायचं काम. आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं, हा राग मला इतक्या वर्षांनी, तोही सर्व्हरच्या पानावर, यावा!

"आजीच्या माहेरच्या नावाचं एक पान करायचंय," मी म्हणालो. "'इंदू', आणि पुढे आपलं डोमेन."

"सीनेम घालते."

"नको. थेट पत्ता दे."

"ए रेकॉर्ड? कंपनीने यंत्र बदललं की दर वेळी हाताने बदलावा लागेल, मामा."

"बदलीन. पानावर काय, शाळा सोडल्याचा दाखला आहे तेवढा लावू."

"टीटीएल किती ठेवू? म्हणजे, एकदा विचारलेलं उत्तर समोरच्याने किती वेळ लक्षात ठेवायचं?"

"जास्तीत जास्त किती चालतं?"

"कागदोपत्री ६८ वर्षं. पण एवढं कुणी धरून ठेवत नाही. मी ३६०० सेकंद घालते."