बेसिनशेजारचा स्टॉल

मा. आयोजक,
विज्ञान शिक्षकांचे द्विदिवसीय अधिवेशन, चिक्कडपल्ली, हैदराबाद
यांस,

पत्रास कारण की, स्टॉलच्या भाड्याची पावती अजून मिळालेली नाही. पण ते राहू द्या, आधी आभार मानतो.

सुलतान बाजारातून चिक्कडपल्लीला मेट्रोने निघालं तर मध्ये फक्त नारायणगुडा. पण पुस्तकांची सहा खोकी मेट्रोत कोण चढवू देणार? ऑटो केली. पोचलो तर आमचा स्टॉल जेवणाच्या मांडवात, हात धुण्याच्या बेसिनला खेटून. “सर, सगळ्यात जास्त गर्दी इथेच असते,” तुमचा स्वयंसेवक म्हणाला. खोटं नव्हतं. दोन्ही दिवस झाडून सगळे शिक्षक माझ्याकडे आले. ओल्या हातांनी.

उद्घाटनाच्या भाषणात ‘कृतीतून विज्ञान’ मी अकरा वेळा मोजलं. पुढे कृती म्हणाल तर समई पेटली, शाली पांघरल्या गेल्या आणि पडद्यावर एक ज्वालामुखी उसळला. माझ्या टेबलावर पाण्याच्या बाटलीत पेनाच्या टोपणाची पाणबुडी होती. बाटली दाबली की टोपण बुडतं, सोडली की वर येतं. दाबून पाहिली दोघांनी. बाकीच्यांनी तिच्यासोबत फोटो काढले.

प्रश्न मात्र नेमके आले. गाइड आहे का? उत्तरं मागे दिलीत का? नमुना प्रत फुकटच ना? संध्याकाळी हिशेब केला, तर नमुने चौऱ्याहत्तर आणि विक्री तीन. तिन्ही प्रती आदिलाबादकडच्या मराठी शाळेतल्या एकाच बाईंनी घेतल्या, पदरच्या पैशांनी. (गाइड आम्हीही छापतो. तेच खपतं आणि त्याच्याच जिवावर प्रयोगांची पुस्तकं निघतात. तेव्हा फार सोवळं नेसून बोलायची माझी सोय नाही.)

दुपारी सिटी सेंट्रल लायब्ररीकडे चक्कर टाकली. ग्रुप वन या स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं जाडजूड पुस्तकांत मान खुपसून बसलेली. आपण शाळेत पेरतो ते कुठे उगवतं, ते दिसलं.

या गावाला विज्ञानाची पुस्तकं नवी नाहीत हो. नागपुरात शिकलेल्या आणि मराठीतही लिहिणाऱ्या कोमर्राजू लक्ष्मणरावांनी १९०६ साली हैदराबादेतच विज्ञानचंद्रिका मंडळी काढली आणि तेलुगूत विज्ञान आणलं. १९१७ साली निजाम सरकारने उस्मानिया विद्यापीठाची पुस्तकं उर्दूत करून घेण्यासाठी खास भाषांतर कचेरी थाटली. त्यांना बहुधा बेसिनशेजारची जागा मिळाली नसावी.

पण आभार मानायचे आहेत ते जेवणातल्या पुलिहोऱ्याचे, म्हणजे चिंचेच्या भाताचे. हळद सढळ हाताने घातली होती. जेवण झाल्यावर कुणीतरी हात धुण्याआधीच पुस्तक चाळलं आणि आम्ल-आम्लारींच्या पानावर अंगठ्याचा पिवळाधमक ठसा उठला. पाठोपाठ एका सरांचा साबणाचा हात त्यावर पडला आणि ठसा बघता बघता लाल झाला. त्याच पानावर, ठशाच्या दोन बोटं वर, ‘हळद : घरगुती दर्शक’ असा मथळा आहे.

सरांनी पान नीट निरखलं, पुस्तक मिटलं आणि मला म्हणाले, “अहो, शाई सुटतेय तुमच्या पुस्तकाची.”

ती प्रत सोबत पाठवतो आहे. डागावर लिंबाचा थेंब पिळलात तर पुन्हा पिवळा होईल. ‘नमुना प्रत, विक्रीसाठी नाही’ हा शिक्का आहेच.

पावतीचं तेवढं बघा.

आपला,
बेसिनशेजारचा प्रकाशक