बांधीतला हँडिकॅप

परसवाड्यात गोल्फचं मैदान नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कान्ह्याचे वाघ बघायला निघालेला कुणीतरी गाडीच्या डिकीत गोल्फची बॅग टाकायचा आणि माझा पत्ता विचारत गावभर फिरायचा. बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या या तहसिलीच्या गावाभोवती धान आहे, मोह आहे, तेंदूपत्ता आहे, उकव्याच्या बाजूला मँगनीजची खाण आहे. चार माणसं पारावर बसली की एकाच वाक्यात पोवारी, मराठी आणि हिंदी तिन्ही नांदतात. गोल्फ मात्र कुठल्याच भाषेत नाही. तरीही निवृत्तीनंतर मी माझा गोल्फ सुधारला तो याच गावात. पुण्यात नाही.

मूळ आजार मात्र पुण्याचा. नोकरीत असताना आमच्या साहेबांना या खेळाचं वेड होतं, आणि बढती कुणाला द्यायची हे सातव्या नि आठव्या होलच्या मधे कुठेतरी ठरतं अशी ऑफिसात पक्की समजूत होती. म्हणून मीही शिकलो. रविवारी पहाटे "येरवड्याला जाऊन येतो" असं सांगून निघायचो. पुण्यात येरवड्याला जायची तीन कारणं असतात: तुरुंग, मनोरुग्णालय आणि गोल्फ क्लब. सासरच्या मंडळींना तिसरं कधी सुचलंच नाही. टोकियो ऑलिंपिकला भारताचे दोन पुरुष गोल्फर गेले, अनिर्बन लाहिरी आणि उदयन माने. पहिल्याचा जन्म पुण्याचा, दुसरा पुण्यातलाच खेळाडू. म्हणजे पाण्यात काही दोष नव्हता. माझा हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत, पंचविशीच्या घरात अडकला तो अडकलाच. बढती दुसऱ्याला मिळाली, मला खेळ चिकटला. पुढे मुलांची शिक्षणं आली, आईचं आजारपण आलं, साहेब बदलले आणि नव्या साहेबांना ब्रिजची आवड निघाली. बॅग दिवाणाखाली गेली.

गावी परतल्यावर सामान लावताना ती बाहेर निघाली. बायकोनं मधल्या वर्षांत तिच्यात पडद्यांचे दांडे, दोन छत्र्या आणि जाळी काढायचा कुंचा ठेवला होता. नियमानं बॅगेत चौदा क्लब चालतात, त्यामुळे संख्येचा प्रश्न नव्हता. क्लबांच्या मुठीचं रबर दगड झालं होतं आणि हातमोजा बोटांवर तडकला होता. "आता हे विकून टाका," ती म्हणाली. परसवाड्याच्या बाजारात याला गिऱ्हाईक कोण, या प्रश्नावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. म्हणून मी खेळायचं ठरवलं.

खंड पडलेल्या खेळाडूनं कुणाच्या पुनरागमनाच्या कथा वाचू नयेत. बेन होगनची मोटार फेब्रुवारी १९४९ मध्ये बसवर आदळली, हा माणूस पुन्हा चालेल की नाही अशी परिस्थिती होती, आणि जून १९५० मध्ये त्यानं यूएस ओपन जिंकली. टायगर वुड्सनं २०१७ मध्ये पाठीचे मणके जोडून घेतले आणि २०१९ मध्ये मास्टर्स. हे वाचून मला हुरूप आला आणि पहिल्याच दिवशी लांब फटक्याचा ड्रायव्हर काढला. त्या दोघांची शरीरं अपघातातून आणि शस्त्रक्रियेतून परतली होती. माझं दिवाणावरून परतत होतं, आणि त्या आजारावर शस्त्रक्रिया निघालेली नाही.

होतं काय, डोक्याला पस्तिशीतला झोका आठवत असतो. खांदे किती वळायचे, हात किती वर जायचे, सगळा हिशेब डोक्यात तयार असतो. कंबर त्यातला निम्माच मान्य करते. मग उरलेलं अंतर हातांनी चोरून भरून काढायचा प्रयत्न होतो, क्लबचं तोंड चेंडूपाशी उघडंच पोचतं, चेंडूला आडवी फिरकी बसते आणि तो आधी सरळ निघून, मग विचार बदलल्यागत उजवीकडे वळतो. याला स्लाइस म्हणतात. माझ्या उजवीकडे शेजाऱ्याची बांधी.

बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, हे पुण्याच्या वाचकांसाठी. दोन बांध्यांच्या मधला बांध म्हणजे धुरा. चिन्नोर धानाची कापणी झाली, तणस उचललं, की या बांध्या एकाखाली एक अशा मोकळ्या पडतात आणि गोल्फच्या माणसाला त्यांच्यात काय काय दिसू लागतं. पण आमच्याकडे धान उभं असतानाच त्यात लाखोळी टाकतात. कापणीनंतर जे हिरवं दिसतं ते गवत नव्हे, कुणाची तरी डाळ असते. शेजाऱ्यानं दोन-तीन संध्याकाळ सहन केलं. मग धुऱ्यावर येऊन म्हणाला, "माणूस रिटायर झाला का गीता वाचते जी. तुमी आमची लाखोळी मारता." त्या दिवसापासून धुऱ्यापलीकडे चेंडू जाऊ द्यायचा नाही असं ठरलं, म्हणजे त्यानं ठरवलं.

१४५७ साली स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजानं गोल्फवर बंदी घातली होती. तिरंदाजीचा सराव सोडून लोक चेंडू मारत बसतात, अशी तक्रार होती. बंदीनं खेळ काही थांबला नाही. माझा तर शेजाऱ्याच्या बंदीनंच सुधारला, कारण माझ्या दोन बांध्यांत लांब फटक्याला जागा उरली नाही. उरली ती फक्त छोट्या फटक्यांना. आणि हौशी खेळाडू आयुष्यभर ज्याचा सराव टाळतो ते हेच.

जरा हिशेब बघा. ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटक्यांत संपवायच्या मैदानावर अठरा होल असतात, आणि पार काढताना प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात. म्हणजे ७२ पैकी ३६ फटके हिरवळीवर, चेंडू जमिनीवरून नुसता घरंगळत नेण्याचे. अर्धा खेळ तिथे. तरी पुण्यात आम्ही सरावाच्या टोपलीतले सगळे चेंडू ड्रायव्हरनं भिरकावायचो, कारण लांब गेलेला चेंडू शेजारच्या माणसाला दिसतो. पटर कसा चालतो हे फक्त आपल्याला आणि परमेश्वराला ठाऊक असतं.

हिरवळीची अडचण खळ्यानं सोडवली. मळणी उरकल्यावर आमचं खळं रिकामं होतं. शेणानं सारवलेलं, ठोकून सपाट केलेलं, उतार फक्त पाणी वाहून जाण्यापुरता. इंग्रजांच्या काळात कोरड्या मुलखातल्या मैदानांवर गवत जगत नसे म्हणून वाळूत तेल मिसळून दाबायचे आणि त्याला 'ग्रीन'ऐवजी 'ब्राऊन' म्हणायचे. माझं खळं त्या घराण्यातलं, फक्त तेलाच्या जागी शेण. चेंडू त्यावर असा सुटतो की जरा जोर जास्त झाला तर थेट गोठ्यात. अशा जागी हात आपोआप हलका होतो.

आता भोक. गोल्फच्या भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. हे माप १८९१ मध्ये सर्वांसाठी पक्कं झालं. ते आलं मसलबरा गावच्या भोक पाडायच्या जुन्या अवजारावरून, आणि ते अवजार म्हणे उरलेल्या सांडपाण्याच्या नळीचं केलेलं होतं. ही गोष्ट खरी असो नसो, मी तिला जागलो. घरच्या संडासाच्या कामातून उरलेला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कापून खळ्यात पुरला. ११० हे माप बाहेरून, आतून तो थोडा कमीच भरतो. म्हणजे माझं भोक जगातल्या यच्चयावत भोकांपेक्षा अरुंद आहे. माझ्या स्कोअरविषयी बोलणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

खळ्याभोवतीच्या बांध्यांत छोटे चिप मारायला लागलो तेव्हा खरी पंचाईत झाली खेकड्यांची. धुऱ्याच्या कडेला त्यांची बिळं असतात आणि गोल्फचा चेंडू त्यांत जावा म्हणूनच खोदल्यासारखी असतात. मी नियमावली उघडली. तिच्यात प्राण्यानं खोदलेल्या बिळाला 'ॲनिमल होल' म्हटलं आहे आणि तिथून दंडाशिवाय सुटका मिळते. पण खेकडा हा प्राणी आहे का? साहेबानं तेही लिहून ठेवलं आहे. प्राणी या संज्ञेत सस्तन, पक्षी, सरपटणारे, उभयचर आणि पाठीचा कणा नसलेले, आणि त्यांच्या उदाहरणांत गांडुळं, किडे, कोळी आणि कवचधारी म्हणजे खेकड्याचं कूळ, हे सगळे येतात. गांडुळाच्या नि किड्यांच्या बिळाला सूट नाही, खेकड्याच्या आहे. कुणा साहेबाला परसवाड्याची इतकी काळजी असेल असं वाटलं नव्हतं. शिवाय चेंडू दिसलाच नाही, पण तो बिळातच गेला हे जवळपास नक्की असेल, तर दुसरा चेंडू टाकायचा, दंड शून्य. हे वाचल्यापासून माझा एकही चेंडू हरवलेला नाही. सगळे बिळात गेले आहेत.

ही नियमावली शेतकऱ्यानं वाचावी अशी आहे. शेणाचा पो चेंडूच्या वाटेत असेल तर तो काडीकचऱ्यात मोडतो, बिनदिक्कत बाजूला करा. थांबलेला चेंडू कुत्र्यानं पळवला तर मूळ जागी ठेवा. चालता चेंडू म्हशीला लागून वळला तर मात्र जिथे थांबेल तिथून खेळा, म्हशीशी वाद नाही. म्हशीच्या खुराच्या ठशाला सूट नाही, हा अन्याय आहे. युगांडात जिंजाच्या क्लबात पाणघोड्याच्या पावलात चेंडू गेला तर हातानं उचलायची मुभा असे. मीही स्थानिक समिती या नात्यानं म्हशीपुरता तसा ठराव केला. समितीत मी एकटाच आहे, मतभेद झाले नाहीत. आणि धोकादायक जनावराजवळ चेंडू पडला तर तिथून दूर जाऊन खेळता येतं. उदाहरणादाखल विषारी साप, डसणाऱ्या मधमाश्या, मगर आणि अस्वल यांची नावं दिली आहेत. मोहाच्या दिवसांत आमच्या रानात अस्वल ही कल्पना नव्हे, वेळापत्रक असतं. वाघाचं नाव मात्र यादीत नाही. तिथे पुढचा चेंडू कुठे टाकावा हा प्रश्न उरत नाही, असं नियम लिहिणाऱ्यांना वाटलं असावं.

हँडिकॅपविषयी थोडं. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली. शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या आठ धरायच्या, बाकी बारांकडे डोळेझाक. दहावीच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'पेक्षाही उदार परीक्षा. नवशिक्याला ५४ पर्यंत हँडिकॅप मिळू शकतो, म्हणजे होलमागे तीन फटके बक्षीस. एकच अट जाचक: एकट्यानं खेळलेली फेरी धरत नाहीत, सोबत कुणीतरी पाहिजे. आता पारावर विचारावं तर लोक तिरडी उचलायला येतील, गोल्फला नाही. शेवटी आमच्या आळीतला गुराखी तयार झाला. गुरं चरत असतात, त्याला नाहीतरी उभंच राहायचं असतं.

त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकाजी, गोटी तं उभीच हाये. पळून थोडीच चालली? मंग एवढा इचार कायले?" गोल्फच्या मानसशास्त्रावर लिहिलेली पुस्तकं मी वाचली आहेत. याच्या पुढे कुणी गेलेलं नाही. तो लहानपणापासून विटी-दांडू खेळलेला. उडत्या विटीला मारणाऱ्या माणसाला उभा चेंडू म्हणजे अपमान वाटतो. त्यानं माझ्या हातातून वेज घेतला, पाय रोवले, डोकं तसूभर न हलवता चेंडू धुऱ्यावरून खळ्यात टाकला आणि क्लब परत देऊन गाय वळवायला निघून गेला. हा खेळ श्रीमंतांचा असं म्हणतात ते फक्त मैदानाच्या वर्गणीबाबत खरं आहे. दिल्लीच्या गोल्फ क्लबात कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरनं १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली होती.

हिशेबनीस म्हणून मात्र तो कठोर निघाला. मी मारण्याआधी हवेत सरावाचा झोका घेतला की तो एक बोट मुडपायचा. सरावाचा झोका फटक्यात धरत नाहीत हे त्याला पटेना. "हवेले मारला का गोटीले, मले काय मालूम?" या भीतीनं माझे झोके बंद झाले. विचार कमी झाला, चेंडू भोकाजवळ थांबू लागला. पुण्यात शिकवणीचे पैसे भरून जे जमलं नव्हतं ते एका मुडपलेल्या बोटानं जमवलं.

हिवाळ्यात एक जुना सहकारी नागपूरला आला. त्याच्या ओळखीनं एका छावणीच्या मैदानावर पाहुणा म्हणून खेळायला मिळालं. टीवरून त्याचे चेंडू मैलाच्या दगडासारखे दूर आणि सरळ, माझे झाडीत. तो प्रत्येक होलला माझी समजूत घालत हिरवळीपर्यंत यायचा. तिथे चित्र बदलायचं. त्याला तीन पट लागायचे, मला एक किंवा दोन. सारवलेल्या खळ्यावरून आलेल्या माणसाला गवतावर चेंडू आपसूक थांबतो ही चैन वाटते. तो जिंकला, पण थोडक्यात. मी शंभराच्या आत आलो, जे पुण्यात ऐन भरात असतानाही क्वचितच जमायचं. बिअर पिताना त्यानं विचारलं, "कोच कोण आहे?" मी म्हटलं, "एक लाखोळी आणि एक गुराखी." त्याला दोन्ही नावं दक्षिणेकडची वाटली.

आता आषाढात पाऊस पडेल, बांध्यांत पाणी भरेल, रोवणी सुरू होईल आणि आमचं मैदान चार-पाच महिने भाताच्या ताब्यात जाईल. तेव्हा परसवाड्यातल्या रोवणीच्या मंडळींना विनंती: चिखलात पायाखाली पांढरी गोटी लागली तर खुशाल घरी न्या, पोराला खेळायला द्या. २०१९ पासून चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळत. माझी कधीच संपली आहेत. फक्त ती गोटी खेकड्याच्या बिळापासून किती लांब सापडली, हे तेवढं गुराख्याला सांगू नका.