यंदा थोडकंच

पोळ्याची कर उरकते, बैलांच्या शिंगांचा रंग अजून पुरता वाळलेला नसतो, तोच काकू ओट्यावर बसून जाहीर करतात, "यंदा महालक्ष्म्यांना निस्तं थोडकंच करायचं. दोघंच तं हाव. कोन खायलं एवढं?"

काका मान डोलावतात. शेजारी भाड्यानं राहणारा मीही डोलावतो. कळमनुरीतल्या आमच्या गल्लीत ही घोषणा दर भाद्रपदाच्या तोंडावर होते आणि तिला कुणी विरोध केल्याचं ऐकिवात नाही. विरोधाला जागाच नाही. घरात खरोखर माणसं दोन. मुलगा-सून पुण्यात, लेक हैदराबादेत. तिसरा कायम मुक्कामी आहे तो काकांचा मधुमेह, आणि त्याला गोड चालत नाही.

अशा काकू तुमच्याही माहितीत असतील. एखादी मावशी, एखादी मोठी जाऊ. मोठ्या खटल्यात सून म्हणून आल्या, चाळीस पानांच्या पंगतीत वाढपाला उभ्या राहिल्या, पुढं वाटण्या झाल्या, लेकरं पांगली, घर आटलं. हात मात्र आटायचा राहिला. बायकाच अशा असतात असंही नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर दोघांच्या चहाला सहा कप आधण ठेवतात आणि उरलेल्या चार कपांसाठी दारातून जाणाऱ्याला हाका मारतात.

ज्यांना पुण्या-मुंबईकडे गौरी म्हणतात त्या इकडच्या महालक्ष्म्या. अनुराधा नक्षत्रावर येणार, ज्येष्ठेवर जेवणार, मूळावर जाणार. पहिल्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी एवढ्यावर त्या समाधान मानतात. खरा प्रश्न दुसऱ्या दिवसाचा. पुरणपोळी, कटाची आमटी, ज्वारीची आंबील, कढी, भजी, वडे, चमकोऱ्याच्या वड्या, चटण्या-कोशिंबिरी, सोळा भाज्या आणि वर टांगायला फुलोरा. थोडकं करायचं म्हटलं तर यातलं वगळायचं काय? काकूंनी यावर विचार केलेला असतो. "पापड विकतचे आणू," त्या म्हणतात. झाली काटछाट.

कागदोपत्री काम काकांकडे. ते परभणी जिल्ह्यात कारकून म्हणून लागले आणि हिंगोली जिल्ह्यातून निवृत्त झाले. १ मे १९९९ला जिल्हा बदलला. टेबल, खुर्ची आणि खुर्चीचा मोडका हात तेच राहिले. या नोकरीनं त्यांना दोन गोष्टी दिल्या, निवृत्तिवेतन आणि रकाने. सणाची यादी ते जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर करतात: अनुक्रमांक, जिन्नस, मागणी, मंजूर, शेरा. काकू स्वयंपाकघरातून मागणी पुकारतात, काका बाहेरच्या खोलीत निम्मी मंजूर करतात.

"गूळ चार किलो!"

"दोन किलो मंजूर."

"बरं," असं म्हणून काकू पुढच्या जिन्नसाकडे वळतात. कारण पुरवणी मागणी नावाचा प्रकार त्यांनाही ठाऊक आहे. इतकी वर्षं कारकुनाचा संसार केलाय, फुकट नाही. पाऊसपाणी बरं असेल त्या वर्षी इसापूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आणि काकूंची पहिली पुरवणी साधारण एकाच सुमाराला येते, आणि मग दोन्हीकडला विसर्ग वाढतच जातो. हळद तेवढी यादीत नसते. काकूंचं माहेर वसमतकडचं, भाऊ वर्षाची हळद पोचती करतो. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ती बातमी काकांनी मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा काकू म्हणाल्या, "म्हंजे इतके दिवस आपण कोनती खायलो होतो?"

यादीच्या मागच्या अंगाला काका ताटांचा हिशेब मांडतात. जेवणारे दोन. पण थोरली महालक्ष्मी एक, धाकटी एक. त्यांची पिल्लं दोन. इथं काका दरवर्षी सुचवून पाहतात की पिल्लांना मिळून एकच ताट ठेवू. काकू त्यांच्याकडे नुसतं बघतात. "लेकरायला एकमेकाचं उष्टं वाढता का?" पिल्लांची दोन ताटं मंजूर. मग गणपती, देवघर, तुळस, गाय. सवाष्ण एकच सांगायची असं पोळ्याला ठरलेलं असतं, पण महालक्ष्म्या दोघी आणि सवाष्ण एक, हे दिसायला बरं दिसत नाही. बेरीज बारा येते. काका ती दोनदा तपासतात, कारण हाताखाली चूक राहू द्यायची सवय नाही, आणि "शेरा" या रकान्यात लिहितात: नेहमीप्रमाणे.

तरीही बारा ताटांना लागतं त्याच्या दुप्पट का होतं, याचं कारण मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ते कोठीत आहे. काकूंकडे मापं दोनच, पायली आणि शेर. दोन्ही सासूबाईंची, पितळेची, काठाशी झिजून धार आलेली. चार शेरांची पायली. शेराखालची मापटं-चिपटं होती, पण ती वाटणीत धाकट्या दिराकडे गेली. त्यामुळे या घरात शेराच्या खाली काही मोजताच येत नाही. अर्धा शेर घ्यावा म्हटलं तर काकूंना पटत नाही. देवाचं माप अर्धवट भरायचं नसतं, चांगलं शिगोशीग भरायचं. धाकट्या दिराच्या घरी म्हणे सगळं बेतशीर होतं. त्यांच्याकडे जेवून आलेली माणसं काकूंकडे येऊन चहासोबत काहीतरी खातात.

भाज्यांच्या बाजाराला मी पिशव्या धरायला जातो. हल्ली सोळा भाज्यांचा तयार वाटा मिळतो. दोन भेंड्या, एक ढेमसं, चिमूटभर गवार, पडवळाचं पेर, भोपळ्याची फाक, कारल्याची चकती, दोडक्याचा तुकडा, अंबाडीच्या चार काड्या, असं करत सोळा. दोघांच्या घराला अगदी बेताचा. काकूंनी तो तळहातावर घेऊन खालीवर पाहिला आणि विकणाऱ्याला विचारलं, "बापा, हे महालक्ष्मीला हाय का नजर काढायला?" त्यानंही हसून वाटा परत घेतला. मग काकू एकेक भाजी वेगळी घेत सुटल्या. पावकिलोच्या खाली मागायला त्यांना लाज वाटते आणि द्यायला भाजीवाल्याला. सोळा पाव म्हणजे चार किलो भाजी. त्यात वाळकं वेगळी, कारण भाद्रपदात वाळूक नाही खायचं तर कधी खायचं. आणि चमकोऱ्याची पानं वेगळी, कारण वड्या त्या सोळांत धरत नाहीत. परत येताना माझ्या बोटांना पिशव्यांचे बंद रुतले होते आणि काकू म्हणत होत्या, "बरं झालं, यंदा फार घेतलं नाही."

पूजेच्या दिवशी मात्र त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघत राहावं. हरभऱ्याची डाळ पहाटेच शिजायला पडलेली असते. काकू झाऱ्यानं दोन दाणे काढतात, फुंकर घालतात, अंगठा आणि तर्जनीत धरून चिरडतात. मधे बारीकशी कणी लागली की परत झाकण. लागली नाही की डाळ चाळणीत, खाली कट वेगळा. मग डाळीच्या बरोबरीनं गूळ. गूळ विरघळला की सगळं एकदम पातळ होतं, नवशिक्याला वाटतं बिघडलं. काकू ढवळत राहतात. कडेनं सुटायला लागलं की उलथनं मधोमध रोवतात आणि हात काढून घेतात. ते हळूच कलतं. "अजून जरा." काका मागून डोकावतात, "गॅस किती जळायलाय!" पुन्हा उलथनं. ते कललं नाही, ताठ उभं राहिलं, की गंज खाली. इथून माझं काम. पुरण गरम आहे तोवर यंत्रातून काढायचं. निवलं की यंत्राचा दांडा अडून बसतो आणि दांडा फिरवणाऱ्याला बोलणी बसतात. मी फिरवतो, काकू जायफळ उगाळतात, तिकडं काटवटीत तेल लावलेली कणीक सैल पडून असते. एका शेरात तीस-बत्तीस पोळ्या. एका शेरावर थांबल्या तर.

पोळी लाटताना काकू बोलत नाहीत. एरवी सतत बोलणारं माणूस एवढा वेळ गप्प राहिलं की घरात काही मोठं घडतंय असं वाटतं. पोळी पुरणानं काठापर्यंत भरलेली, तव्यावर पडली की टम्म फुगलेली, आणि अंगावर एक फाटका डाग नाही. चुकून एखादी फुटलीच तर ती काकांची. काकांचा त्याला आक्षेप नसतो. त्यांचा युक्तिवाद तयार आहे: पुरण म्हणजे मुळात डाळ, आणि डाळ डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलीय. तूप तर कोणत्याच कागदावर मना केलेलं नाही. "गूळ?" असं मी एकदा विचारलं. "तो डाळीसोबत आला," काका म्हणाले.

सवाष्णींचीही त्या दिवशी पंचाईत असते. गल्लीत घरोघर महालक्ष्म्या, आणि जेवायला सांगायच्या सवाष्णी त्याच त्या. एकीला तीन घरची आमंत्रणं. ती येते, पाटावर बसते, अर्धी पोळी खाते आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघून उरलेली अर्धीही खाते. काकू वाढताना विचारत नाहीत. पोळी ताटात पडून गेल्यावर विचारतात, "वाढू ना?" मग तूप. मग, "आमटीत मीठ कमी पडलं का गं?" हा प्रश्न नाही. याचं एकच उत्तर आहे आणि ते दिल्याशिवाय पुढची भजी येत नाहीत.

सगळ्यांचं आटोपल्यावर काकू जेवायला बसतात तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात. सकाळपासून गोडाच्या वासात उभ्या, ताटात प्रसादापुरता पोळीचा चतकोर. बाकी काय खातात? कालच्या शेपूसोबतची उरलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा, वर कच्च्या तेलाची धार. "हे खरं जेवन," म्हणून बोट चाटतात.

मूळ नक्षत्राच्या दिवशी वाटप. देवीपुढच्या ताटांतलं टाकायचं नाही, उरलेलं वाया घालवायचं नाही, आणि उरलेलं तर डोंगराएवढं. काका रकाने आखून बसतात. पहिला डबा माझा, तो मी काही बोलायच्या आत माझ्या ओट्यावर आलेला असतो. मग पलीकडच्या आपांकडे. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो, महालक्ष्म्यांना इकडून पोळ्या जातात, आणि मोकळा डबा परत करायचा नाही हे दोन्ही घरांना मान्य असल्यामुळे तो स्टीलचा डबा मुळात कुणाचा हे आता कुणालाच सांगता येत नाही. त्यावर कोरलेलं नाव तिसऱ्याच घरचं आहे. गल्लीतल्या बाकीच्या घरांचंही हेच चाललेलं असल्यानं जेवढे डबे जातात तेवढेच येतात. चार घरच्या सोळा-सोळा भाज्या काकांच्या ताटात शेजारीशेजारी पडतात आणि काका एकेक घास घेऊन घर ओळखतात. कारलं जाणवलं की मास्तरीणबाई, गोडसर लागली की बँकवाल्या वहिनी. त्यांचं चुकत नाही.

पुण्याला एक खोकं जातं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात काका ते देतात, आणि काकूंनी ड्रायव्हर आणि क्लीनरसाठी वेगळी पुडी बांधलेली असते, कारण "लेकराचं नेयलेत, त्यायच्या तोंडात नको का काही?" गेल्या वर्षी सुनेनं फोनवर विचारलं, "आई, मला इथंच करून बघायच्यात. दोघांपुरतं प्रमाण सांगा ना." काकूंनी फोन जरा लांब धरला, कारण हे सगळं त्यांना मोठ्यानंच सांगावं लागतं. "शेरभर डाळ घे."

"शेर म्हणजे किती?"

"शेर म्हंजे शेर! निस्ता एक. जास्त नको घेऊ, दोघंच हाव तुमी."

हे ऐकल्यावर मी हिंगोलीच्या बाजारातून मापाच्या वाट्यांचा संच आणला. पाव, अर्धी, पाऊण, एक, अशा चार स्टीलच्या वाट्या, कडीत ओवलेल्या. काकूंना मनापासून आवडल्या. त्यांनी त्या कडीतून सोडवल्या, चिंचेनं घासल्या आणि हळद, कुंकू, बुक्का, अक्षता भरून चारही वाट्या महालक्ष्म्यांपुढं मांडल्या. आल्यागेल्या बायकांना दाखवल्या, "शेजारच्या पोरानं आनल्यात, बघा किती बेताच्या हायेत." काकांनीही रीतसर नोंद घेतली. अनुक्रमांक एकतीस, जिन्नस मापाच्या वाट्या, नग चार, मागणी निरंक. शेऱ्यात लिहिलंय: देवाकडे वर्ग.