नुसतं ‘हो’ म्हणून बघा

आमच्या मामीच्या पुरणपोळीला अख्ख्या गल्लीत तोड नाही. तरी पानं वाढून झाली की ती न चुकता म्हणते, “आज काही मनासारख्या झाल्या नाहीत हं.” यावर पंगतीने एकमुखाने “छे, छे!” म्हणायचं, असा घरातला शिरस्ता. पण तिचा नवा जावई क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरीला. पहिल्याच सणाला त्याने घास नीट चावला, जरा विचार केला आणि म्हणाला, “हो, कडा थोड्या वातड झाल्यात.” मामी तुपाचं भांडं घेऊन आत गेली, ती मठ्ठा वाढायलाही बाहेर आली नाही.

जावईबापूंना घराने अजून माफ केलेलं नाही. मी मात्र त्यांचा ऋणी आहे. नम्रता अस्सल आहे की नाही, हे तपासण्याची बिनखर्ची परीक्षा त्यांनी शोधून काढली. समोरचा स्वतःकडे कमीपणा घेऊन बोलला की आपण नुसतं ‘हो’ म्हणायचं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं.

वास्तुशांतीला “या, या, गरिबाच्या झोपडीत” म्हणून एका मित्राने स्वागत केलं. झोपडी चौदाव्या मजल्यावर, दोन पार्किंगसकट. “लहानच आहे रे,” असं मी म्हणताच त्याने मला हाताला धरून टेरेस दाखवली. चौकातल्या फ्लेक्सवरचा ‘जनतेचा सामान्य सेवक’ बारा फुटी असतो आणि त्याच्या गळ्यातल्या साखळीने बैल बांधता येईल. लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आपले नम्र’ म्हणून डॉक्टर, वकील, माजी सरपंच अशी रांग लागते. त्या नम्र मंडळींत आपलं नाव चौथं का, यावरून आमचे एक काका लग्नालाच आले नाहीत. आणि सत्काराला उत्तर देताना “मी या सन्मानाला पात्र नाही” म्हणणाऱ्याला “आम्हीही समितीला तेच सांगत होतो” असं कुणी म्हणत नाही, म्हणून तर आपल्याकडचे समारंभ शांततेत पार पडतात.

या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेऊन गेले ते गाडगेबाबा. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ते झाडायला घ्यायचे. बघणाऱ्यांना वाटायचं, कुणी झाडूवाला असेल. बाबा त्यांची समजूत दुरुस्त करायला जात नसत. रात्री तोच झाडूवाला कीर्तनाला उभा राहायचा आणि मग गावाची पळापळ व्हायची. पण पाया पडायला जावं, तर बाबा पडूच देत नसत. पंढरपूर, नाशिक, आळंदीला त्यांनी इतरांसाठी धर्मशाळा उभारल्या. ‘गरिबाची झोपडी’ म्हणून मिरवण्याची सोय मात्र स्वतःसाठी ठेवली नाही.

पंढरपुरात नामदेवांची परीक्षा घ्यायला जावं, तर नापास आपणच होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून त्यांनी विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराच्या पायरीशी समाधी घेतली, 1350 मध्ये. आणि आपण? त्या पायरीला हात लावतो, डोकं टेकतो आणि पाय चुकवून पलीकडे जातो. त्यांना खरोखरच पाय हवे होते हो! पण आपल्याला सवय ‘छे, छे’ म्हणण्याची. हीदेखील बोलायचीच पद्धत असेल, असं समजून आपण ती विनंती शतकानुशतकं अदबीने परतवत आलो आहोत.

वारीतले वारकरी मात्र यातून सहीसलामत सुटलेत. सत्तरीचे बुवा विशीतल्या पोराला “माउली” म्हणून वाकतात, त्याच क्षणी पोरगंही वाकतं. दोघांचीही नजर जमिनीकडे, त्यामुळे कोण किती वाकलं हे मोजायला तिथे कुणी उरतच नाही. फोटोवाला मध्ये आला, तरच पंचाईत.

‘माझ्या तोकड्या बुद्धीला सुचलं ते मांडलं, चूकभूल द्यावी घ्यावी’ असं म्हणून लेख संपवायची आपल्याकडे रीत आहे. ती मी पाळणार नाही. परीक्षा तुम्हाला आत्ताच सांगून बसलोय.